व्याजगणनेचा जुना कोबोल प्रोग्रॅम : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी २०२५

उत्तर अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या ॲन्युइटी (पेन्शनसारख्या ठेवीच्या) करारांवर रोज रात्री व्याज चढतं. ते मोजणारा प्रोग्रॅम कोबोल या धंद्याच्या हिशोबासाठी बनलेल्या जुन्या भाषेत आहे आणि आयबीएम मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, झेड-ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालतो. क्लायंटला तो जावामध्ये आणून क्लाउडवर न्यायचा आहे. पुण्यात आमच्याकडे आलेलं काम असं : जुना कोड वाचायचा, जावामध्ये नमुना उभा करायचा, दोन्ही एकाच डेटावर चालवून आकडे जुळवायचे आणि जूनअखेर लेखी शिफारस द्यायची.

टीममध्ये मी, जावाचे दोन अनुभवी डेव्हलपर, कॉलेजमधून नुकतेच आलेले एक मुलगा आणि एक मुलगी, आणि सल्लागार म्हणून एक निवृत्त ज्येष्ठ. त्यांना मजल्यावरचे सगळे काका म्हणतात. नव्वदच्या दशकात ते मुंबईला सीप्झमध्ये कोबोलवर होते, वायटूकेची (२००० साली दोन अंकी वर्षांमुळे होणारा घोटाळा टाळण्याची) सगळी धावपळ त्यांनी केलेली आहे.

क्लायंटला जाणारे रिपोर्ट इंग्रजीत जातीलच. या नोंदी आपल्या लोकांसाठी आहेत, म्हणून मराठीत.

८ जानेवारी

प्रोग्रॅमच्या डोक्यावर तारीख १९८७ सालची. त्याखाली बदलांची लांबलचक यादी : तारीख, बदल करणाऱ्याची आद्याक्षरं, एका ओळीत कारण. कुठे नियामकाचा नवा नियम, कुठे लीप वर्ष, कुठे एका राज्यापुरती सवलत. ही यादी मी आधी पूर्ण वाचली. कंपनीने ग्राहकांना वेळोवेळी काय कबूल केलं त्याचा हा इतिहास आहे, आणि इतका सलग तो कंपनीत दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडेल असं वाटत नाही.

मग डेटा डिव्हिजन, म्हणजे प्रोग्रॅममधली सगळी फील्ड्स (माहितीचे रकाने) जाहीर करणारा भाग. नव्या दोघांना शेजारी बसवून एकच फील्ड उलगडून दाखवलं : पिक्चर (फील्डचा साचा) एस९(५)व्ही९९, कॉम्प-३. म्हणजे चिन्हासह पाच पूर्णांक अंक, दोन दशांश अंक, पॅक्ड डेसिमल साठवण. १२३४५.६७ ही रक्कम मेमरीत कशी दिसते? चार बाइट : १२, ३४, ५६, ७सी. प्रत्येक अर्ध्या बाइटमध्ये एक अंक आणि शेवटच्या अर्ध्यात चिन्ह, अधिक असेल तर सी, उणे असेल तर डी. दशांश चिन्ह कुठेच साठवलेलं नाही, ते पिक्चरमधल्या व्हीने सांगितलं आहे. रात्री मेमरीचा डंप (जशीच्या तशी नक्कल) निघाला की त्यात रक्कम उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

मुलीने विचारलं, "मॅडम, डबल का नाही वापरला?" डबल म्हणजे अपूर्णांक दोनच्या घातांमध्ये साठवणारा प्रकार. तिला तिच्याच लॅपटॉपवर पायथनमध्ये १.००५ गुणिले १०० करायला सांगितलं. उत्तर आलं १००.४९९९९९९९९९९९९९. दोन दशांशांपर्यंत राउंड केलं की १.०१ च्या जागी १.०० मिळतं. दोनच्या घातांमध्ये १.००५ नेमका मांडताच येत नाही, तसाच ०.१ ही नाही. पैशाचा हिशोब माणसं दहाच्या घातांमध्ये करतात आणि कोबोलही तो तसाच करतो, तेही कुठलीही लायब्ररी न जोडता.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं होतं. नव्या दोघांनी तक्रार केली की ही भाषा फार बडबडी आहे, एका बेरजेला अख्खं वाक्य. म्हणून दुपारी थोडा इतिहास सांगितला.

मे १९५९ मध्ये अमेरिकेत पेंटागॉनमध्ये बैठक झाली. सरकारी खाती, संगणक बनवणाऱ्या कंपन्या आणि संगणक वापरणारे उद्योग एकत्र बसले. अडचण पैशाची होती. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, भाषा वेगळी, यंत्र बदललं की सगळं पुन्हा लिहायचं. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा पाया घेऊन समितीने कोबोल घडवली. जीन सॅमेट त्या समितीच्या कामात होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन निराळ्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. आज आपण क्लाउड बदलताना जे मागतो, तेच त्यांनी तेव्हा मागितलं होतं.

वाक्यं लांब आहेत त्याचं कारणही तिथेच आहे. हिशोब ज्याच्या जबाबदारीवर आहे त्याला कोड वाचता यावा असा हेतू होता. तो हेतू कितपत साधला यावर मी स्वतः साशंक होते, कारण गो-टूंनी (इकडून तिकडे उडी मारायला लावणाऱ्या आज्ञांनी) विणलेला कोड कुठल्याही भाषेत वाचवत नाही. पण हा व्याजाचा प्रोग्रॅम नीट परिच्छेदांमध्ये आहे. ८८ लेव्हलच्या, म्हणजे फील्डमधल्या किमतीला नाव देणाऱ्या, ओळी वाचल्या की करार चालू, स्थगित की संपलेला हे शब्दांतच कळतं, "स्टेटस बरोबर एल" असं कोडं सोडवावं लागत नाही.

२३ जानेवारी

कोबोलवरून जावा आपोआप बनवणारं टूल क्लायंटने आधीच घेऊन ठेवलं आहे. ते चालवलं. निघालेला जावा कंपाइल होतो, चालतोही. पण वर्किंग-स्टोरेजमधलं (प्रोग्रॅमच्या कामाच्या जागेतलं) प्रत्येक फील्ड ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे कुठूनही बदलता येणारं, झालं आहे आणि प्रत्येक परिच्छेद पॅरामीटर नसलेली मेथड. धंद्यातले लोक अशा कोडला जोबोल म्हणतात. कोबोल जाणणाऱ्याला तो ओळखीचा वाटत नाही आणि जावा जाणणाऱ्याला तो हात लावावासा वाटत नाही. आमच्या जावावाल्या दोघांचं एकमत झालं : नमुना हाताने, स्वच्छ लिहू. मी हो म्हटलं.

४ फेब्रुवारी

पहिला पॅरलल रन. एकाच तिमाहीचा डेटा, एकीकडे जुना कोबोल, दुसरीकडे नवा जावा. बहुतेक करार जुळले, मोठ्या रकमांचे करार जुळले नाहीत.

मिसमॅचला एक शिस्त होती. दर ४.७५ टक्के आणि ९१ दिवस धरले तर दहा हजार डॉलरवर दोन्हीकडे ११८.४२. एक लाखावर कोबोल ११८४.२४ सांगतो, जावा ११८४.२५. एक कोटीच्या गट करारावर कोबोल १,१८,४२३.७६ आणि जावा १,१८,४२४.६६, म्हणजे नव्वद सेंटचा फरक. रक्कम वाढेल तसा फरक वाढतो, म्हणजे शेवटच्या राउंडिंगमध्ये काही नाही, आधीच कुठेतरी दरातच शेपूट कापलं जातंय.

काकांनी थेट त्या ओळीवर बोट ठेवलं. जुना प्रोग्रॅम आधी रोजचा दर काढतो, म्हणजे दर भागिले ३६५०० (३६५ दिवस, आणि दर टक्क्यांत म्हणून गुणिले १००), आणि तो डब्ल्यूएस-डेली-रेट या फील्डमध्ये ठेवतो. त्याचं पिक्चर ९व्ही९(९), म्हणजे नऊ दशांश स्थळं. वाक्यात राउंडेड शब्द नाही, म्हणून नवव्या स्थळापुढचं सगळं गळतं. ४.७५ भागिले ३६५०० म्हणजे ०.०००१३०१३६९८६…, फील्डमध्ये उरतं ०.०००१३०१३६. मग रक्कम आणि दिवसांनी गुणाकार. जावामध्ये आमच्या लोकांनी बिगडेसिमलला (जावाच्या दशांश आकड्यांच्या प्रकाराला) ३४ अंकांची अचूकता देऊन सगळं सूत्र एका दमात सोडवलं होतं, तिथे काहीच गळत नाही.

काकांनी फळ्यावर आणखी एक गणित दिलं, ते इथे लिहून ठेवते, कारण नवखा माणूस इथेच अडकतो. समजा सूत्रातली सगळी फील्ड्स दोनच दशांशांची आहेत आणि कुणी एकाच कॉम्प्युटमध्ये (हिशोबाच्या वाक्यात) भागाकार आधी, गुणाकार नंतर लिहिला. आयबीएमच्या कंपायलरमध्ये भागाकाराच्या मधल्या उत्तराला किती दशांश स्थळं मिळणार हे त्या वाक्यातल्या फील्ड्सच्या पिक्चरवरून ठरतं. इथे मिळणार दोन. ४.७५ भागिले ३६५०० दोन स्थळांपर्यंत म्हणजे शून्य. शून्य गुणिले एक कोटी म्हणजे शून्य व्याज, आणि प्रोग्रॅम कुठलीही कुरकुर न करता संपतो. म्हणून जुनी माणसं गुणाकार आधी करून भागाकार शेवटी ठेवायची, किंवा इथे केलंय तसं मधल्या उत्तराला स्वतःचं रुंद फील्ड द्यायची.

६ फेब्रुवारी

टीममध्ये वाद झाला. जावावाल्यांचं म्हणणं : नवं उत्तर गणिताने बरोबर आहे, जुनं चूक आहे, मग चूक पुढे का न्यायची? युक्तिवादात दम आहे. मी एवढंच म्हटलं की ज्या ओळीत राउंडेड नाही, तिच्या दोनच ओळी खाली, अंतिम व्याजाच्या वाक्यात राउंडेड आहे. लिहिणाऱ्याला तो शब्द माहीत होता. वर त्याने तो वापरला नाही तर त्याला कारण असलं पाहिजे. क्लायंटच्या ॲक्च्युअरीशी (विम्याचं गणित पाहणाऱ्या तज्ज्ञाशी) बोलण्याची वेळ मागितली.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी कॉल झाला. क्लायंटच्या ॲक्च्युअरी बाई कंपनीत जुन्या आहेत. मी स्क्रीनवर प्रोसिजर डिव्हिजनचं (प्रत्यक्ष हिशोब करणाऱ्या भागाचं) ते पान उघडलं. त्यांनी प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. त्यांनी ओळी मोठ्याने वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणाल्या, हे करारात आहे. मग त्यांनी कराराच्या छापील पुस्तिकेतलं कलम पाठवलं : रोजचा दर नऊ दशांश स्थळांपर्यंत काढला जाईल, पुढचे अंक सोडून दिले जातील.

म्हणजे तो नव्वद सेंटचा फरक कंपनीने ग्राहकाला सहीनिशी कबूल केलेला आहे. कोबोलचा आकडा बरोबर आहे आणि अधिक अचूक असलेला जावाचा आकडा कराराचा भंग करतो.

या प्रकल्पात मला जे सांगायचं आहे ते आज हाती लागलं. करारातलं ते कलम कोडमध्ये वेगळं लिहावं लागलेलं नाही. नऊ स्थळं ही फील्डची घोषणाच (डिक्लरेशन) आहे. ते फील्ड कुणीही, कुठल्याही परिच्छेदातून वापरो, दहावं स्थळ त्यात मावतच नाही. जावामध्ये हेच करता येतं, पण ते प्रत्येक जागी आठवणीने करावं लागतं : स्केल नऊ, राउंडिंगमोड डाउन. एका जागी विसरलं तर कंपायलर काही बोलत नाही. पैशाच्या कामात नियम आकड्याच्या घोषणेत राहावा, तो वापरणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडू नये, हे मला मनापासून पटतं. ज्या भाषेने हे ६५ वर्षांपूर्वी ओळखलं तिच्याबद्दल आदर वाटतो.

आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या बाईंनी कोड वाचून कलम ओळखलं. माझी १५ जानेवारीची शंका या प्रोग्रॅमपुरती तरी मिटली.

१८ फेब्रुवारी

जावा नमुन्यात नऊ स्थळांचा नियम घातला, पैशासाठी वेगळा क्लास केला. पुन्हा रन. व्याजाचे आकडे जुळले. उरलेले मिसमॅच तारखांचे आहेत.

२७ फेब्रुवारी

तारखांचं कोडं काकांच्या ओळखीचं निघालं. वायटूकेच्या वेळी चार अंकी वर्ष करायला वेळ नव्हता तिथे लोकांनी खिडकी लावली : दोन अंकी वर्ष ५० पेक्षा लहान असेल तर २०००चं शतक, नाहीतर १९००चं. मुदत संपण्याच्या तारखांचा तिमाही अहवाल बनवणाऱ्या मॉड्यूलमध्ये ती खिडकी अजून आहे, शेजारी १९९८ची कॉमेंट. कंपनीचा सगळ्यात लांब करार २५ वर्षांचा. २०२४ पर्यंत केलेला कुठलाही करार २०४९च्या पुढे जात नव्हता, म्हणून सगळं सुरळीत चाललं. यंदा जानेवारीत केलेला करार २०५० मध्ये संपतो, आणि अहवाल त्याला १९५० म्हणतो. मार्चअखेरचा अहवाल निघण्याआधी हे सापडलं, क्लायंटला त्याच दिवशी कळवलं.

जुन्या कोडची बाजू घेताना हेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. खिडकी ही मुदतीची सोय होती. मुदत संपत आली की ती काढणारा माणूस जागेवर असायला हवा होता. व्याजाच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये मात्र तारखा चार अंकी आहेत. त्याच काळात कुणीतरी तिथे वेळ काढून पूर्ण काम केलं होतं. आद्याक्षरांपलीकडे त्या माणसाची काही खूण नाही. काकांना विचारलं, कोण असेल? म्हणाले, "तेव्हा आम्ही शेकड्यांनी होतो गं."

११ मार्च

एबसिडिकचा दिवस. अक्षरांना संगणकात आकडे देण्याच्या दोन पद्धती आहेत : नमुना लिनक्सवर आस्कीमध्ये चालतो, मेनफ्रेम एबसिडिकमध्ये. एबसिडिकच्या क्रमात आधी लहान अक्षरं, मग मोठी अक्षरं, शेवटी आकडे. आस्कीमध्ये आधी आकडे, मग मोठी अक्षरं, मग लहान. कराराच्या क्रमांकात पहिलं स्थान कधी अक्षर, कधी आकडा. मेनफ्रेमवर "ए"ने सुरू होणारे करार "९"ने सुरू होणाऱ्यांच्या आधी येतात, लिनक्सवर नंतर. दोन सॉर्ट केलेल्या फायली ओळीओळीने जुळवणारी पायरी असेल आणि एक फाइल मेनफ्रेमच्या क्रमाने आली, दुसरी लिनक्सच्या, तर जुळणारे करार "सापडले नाहीत" म्हणून बाहेर पडतात. प्रोग्रॅम कुठेही फुटत नाही, फक्त एरर फाइल फुगते.

मेनफ्रेमवर खराब डेटा आला की बॅच (रात्रीचं एकगठ्ठा काम) सॉक-सेव्हन ही चूक देऊन पडते. पॅक्ड फील्डमध्ये स्पेस शिरला की त्याचा शेवटचा अर्धा बाइट चिन्ह म्हणून चालत नाही आणि यंत्र हिशोब तिथेच थांबवतं. ऑन-कॉल असलेल्या माणसाला रात्री दोनला उठावं लागतं, पण चुकीचं व्याज कुणाच्या खात्यावर चढत नाही. नव्या रचनेतही हा कडकपणा हवा. नमुन्यात आम्ही रिकाम्या रकमेला शून्य मानत नाही, रन थांबवतो.

२० मार्च

नवा मुलगा जरा वेळ मागून बोलायला आला. मित्र एआयवर काम करतात, आपण कोबोलवर, पुढे नोकरी कोण देणार, घरचेही विचारतात. काळजी खरी आहे आणि तिला पोकळ धीर देणं बरं नाही. जे पाहिलं आहे तेवढं सांगितलं.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या लाटेत अमेरिकेत बेरोजगार भत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आवाहन करावं लागलं. तेव्हा बातम्यांमध्ये दोष भाषेच्या वयाला दिला गेला. माझ्या मते प्रश्न निगराणीचा होता. सार्वजनिक हिशोबाची यंत्रणा वर्षानुवर्षं चालवायची आणि ती समजणारी माणसं मात्र घडवायची नाहीत, याचा तो परिणाम.

त्याला मी म्हटलं की तू इथे फक्त कोबोल शिकत नाहीयेस. तू व्हीएस कोड या एडिटरमध्ये झोवी (मेनफ्रेमशी जोडणारं टूल) वापरून मेनफ्रेमवर काम करतोस, सोर्स गिटमध्ये ठेवतोस, कोबोल चेकने युनिट टेस्ट लिहितोस, घरच्या लॅपटॉपवर जीएनयू कोबोलने सराव करतोस. त्याहून मोठं म्हणजे व्याज, मुदत, लॅप्स (करार बंद पडणं), सवलतीचे दिवस यांचं खरं गणित तुला येऊ लागलं आहे. भाषा बदलेल, ते गणित घेऊन तू कुठेही जाशील. तो किती पटवून घेऊन गेला माहीत नाही. पण त्याने त्या आठवड्यात लीप वर्षाच्या २९ फेब्रुवारीच्या करारांसाठी लिहिलेल्या टेस्ट्स आमच्या संचातल्या सगळ्यात चांगल्या आहेत.

३ एप्रिल

क्लायंटची सुकाणू बैठक. एक गट म्हणतो, एका वीकेंडला सगळं उचलून नव्या प्लॅटफॉर्मवर टाका. मी ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण मांडलं. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी ग्राहकांचा डेटा एकदम नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. डेटा व्यवस्थित गेला, प्लॅटफॉर्म मात्र भार पेलू शकला नाही. ५२ लाख ग्राहकांपैकी मोठ्या संख्येला आणि सगळ्या शाखांना फटका बसला, कामकाज पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. ग्राहकांना ३.२७ कोटी पौंड भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी मिळून ४.८६५ कोटी पौंड दंड केला. तिथे प्रश्न कोबोलचा नव्हता, सगळं एकदम हलवण्याचा होता. म्हणूनच ते उदाहरण आमच्या निर्णयाला लागू आहे.

एकदम हलवण्याचा पर्याय यादीतून गेला. त्याचा मला दिलासा वाटला.

बैठकीत क्लायंटच्या मोबाइल ॲपच्या टीमने एक गोष्ट सांगितली, तिने आमच्या शिफारशीला आकार आला. ॲपमध्ये ग्राहकाला "आजचं मूल्य" दिसतं. ते ॲपचा स्वतःचा जावा कोड मोजतो आणि महिन्याच्या स्टेटमेंटशी ते काही सेंटने जुळत नाही. कॉल सेंटरला त्यावरून रोज फोन येतात. हिशोब दोन जागी लिहिला की असं होणारच.

९ एप्रिल

काल आयबीएमने झेड१७ हे नवं मेनफ्रेम जाहीर केलं. या घराण्याची सुरुवात ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६०ने झाली. त्यावेळी दिलेला शब्द, म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालेल, तो आजवर पाळला गेला आहे. उद्योगांनी कोबोल टिकवली यामागे भाषेइतकाच हा शब्द आहे.

आमचा प्रोग्रॅम अनेक वर्षं जुन्या कंपायलरने बांधलेल्या रूपातच चालतोय. चाचणीच्या पार्टिशनवर (मेनफ्रेमच्या वेगळ्या हिश्शावर) तो एंटरप्राइझ कोबोल ६ या नव्या कंपायलरने नव्याने कंपाइल केला. सोर्सला हात लावला नाही. २०१७च्या झेड१४ पासून प्रोसेसरमध्ये पॅक्ड डेसिमलसाठी वेगळ्या, वेगवान व्हेक्टर सूचना आहेत आणि नवा कंपायलर त्या वापरतो. सीपीयू वेळ ठळकपणे उतरला. मेनफ्रेमचं बिल वापरावर येत असल्याने क्लायंटच्या फायनान्सवाल्यांनी हा मुद्दा लगेच उचलला. आकडे सेंटभरही हलले नाहीत, ते मी काकांसोबत बसून तपासलं.

२७ मे

काल भारत फोरकास्टिंग सिस्टिम ही हवामान अंदाजाची यंत्रणा सुरू झाली. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं काम, आधीच्या १२ किलोमीटरऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीवर अंदाज. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याबद्दलच बोलत होते. नव्या मुलीने विचारलं, हे पायथनमध्ये असेल ना? हवामानाच्या अशा मॉडेलांचा गाभा जगभर अजून मुख्यतः फोरट्रानमध्ये असतो. ती भाषा जॉन बॅकस यांच्या टीमने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी आणली, कोबोलच्याही आधी. आणि ती रोज पायथनमध्ये नम्पाय वापरून समीकरणं सोडवते तेव्हा आतून लॅपॅक या गणिती लायब्ररीची रूटिन्स चालतात. तीही मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेली. डेटाबेसला ती ज्या एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारते तिची पहिली मांडणी १९७४ची. एसक्यूएलला कुणी जुनाट म्हणत नाही, कारण ती येणारी माणसं सगळीकडे आहेत.



१० जून

शिफारशीचा मसुदा पूर्ण झाला. व्याजगणनेचा गाभा कोबोलमध्येच ठेवायचा. तो बॅचपासून सोडवून एक उपप्रोग्रॅम करायचा आणि झेड-ओएस कनेक्टमधून रेस्ट एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमना वेबवरून बोलावता येणारी सेवा) म्हणून उघडायचा. रात्रीची बॅच तोच उपप्रोग्रॅम बोलावेल आणि मोबाइल ॲपही तोच. हिशोब एका जागी, मागणारे दोन.

अहवालांची मॉड्यूल्स मात्र जावामध्ये न्यायची. ती गो-टूंनी भरलेली आहेत, त्यांत दरवर्षी बदल येतात, आणि त्यांत करारातलं कुठलंच कलम अडकलेलं नाही. वर्षांची खिडकीही तिथेच होती. जुनं म्हणून सगळंच जपायचं असा माझा आग्रह कधीच नव्हता. जिथे भाषा नियम घट्ट धरून ठेवते तिथे ती राहावी, जिथे ती नुसती सवय म्हणून आहे तिथून जावी.

जावाचा नमुना फुकट गेला असं काहींना वाटलं. तसं नाही. तो आता तपासनीस म्हणून राहील : दर तिमाहीला स्वतंत्रपणे व्याज मोजेल आणि कोबोलच्या आकड्याशी ताडून पाहील. जावावाल्या दोघांपैकी ज्याने फेब्रुवारीत सगळ्यात जोरात वाद घातला होता त्यानेच ही कल्पना मांडली.

मसुद्यात एक अट मी ठळक केली आहे. कोबोल ठेवायची असेल तर माणसंही ठेवावी लागतील. दरवर्षी किमान दोन नवे लोक या कोडवर तयार झाले पाहिजेत, आणि बदलाच्या कारणाची ओळ लिहिल्याशिवाय कोड आत जाता कामा नये. हे मान्य नसेल तर कोबोल ठेवण्याची शिफारस मी मागे घेईन, कारण समजणारं कुणी नसलेला बरोबर प्रोग्रॅमही एक दिवस दगा देतो.

२४ जून

क्लायंटने शिफारस स्वीकारली. माणसांच्या अटीवर थोडी घासाघीस झाली. दोनपैकी एक जागा त्यांच्याकडे आणि एक पुण्यात असं ठरलं. पुण्यातल्या जागेसाठी नव्या मुलीने स्वतःहून नाव दिलं.

पुढच्या टप्प्यासाठी शिल्लक : उपप्रोग्रॅमच्या कॉपीबुकमध्ये (फील्ड्सच्या घोषणांच्या सामाईक फाइलमध्ये) डब्ल्यूएस-डेली-रेटच्या वर कराराच्या कलमाचा क्रमांक कॉमेंटमध्ये घालायचा आहे, ॲक्च्युअरी बाईंनी मजकूर पाठवला आहे. तारखेची खिडकी काढलेलं अहवालाचं मॉड्यूल प्रॉडक्शनमध्ये गेलं, मार्चअखेरचा अहवाल त्यानेच काढला आणि २०५०चे करार त्यात २०५० म्हणूनच आले. जूनअखेरच्या रनवर काका आणि नवा मुलगा बसतील. एपीआयचा भार किती येईल याचा अंदाज ॲपच्या टीमकडून मागवला आहे, तो आला की सीआयसीएसच्या (मेनफ्रेमवर ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या यंत्रणेच्या) रिजन्सचं गणित करायचं.